निळी साय

त्यांनी दुधाच्या कॅनमध्ये निळा रंग ओतला नव्हता.

हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकतो, कारण मला लांबण लावायची सवय आहे आणि मुद्द्यापर्यंत पोचेस्तोवर मी कच खातो. गोरेगाव पूर्वेच्या आमच्या बागेत सकाळी आम्ही काही निवृत्त लोक बसतो. गेल्या महिन्यात तिथे दुधाच्या भेसळीचा विषय निघाला आणि एकाने लगेच तो जुना किस्सा काढला. "अरे, आपल्याकडे तो गुरांचा डॉक्टर होता बघ, सर्किट! तबेल्यातल्या कॅनमध्ये निळा रंग ओतायचा. शेवटी भय्या लोकांनी हाकलला." सगळे हसले. मग एकजण माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही तर ओळखत होता ना त्याला?" मी म्हणालो, "हो, ओळखत होतो." आणि मीही हसलो.

ते हसणं घरी येईपर्यंत तोंडात कडू झालं होतं. म्हणून हे लिहायला बसलो.

मी माणसांचा डॉक्टर. तबेल्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी माझा दवाखाना होता. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. बागेत ज्यांना सर्किट म्हटलं, ते आधी गुरांच्या डॉक्टरांना शिकवायचे. ती नोकरी मुदतीआधीच सोडून आमच्या भागातल्या एका चाळीत राहायला आले. खोली बघायला आले तेव्हा पाणी किती वाजता येतं, शेजार कसा आहे, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. घरमालकाला एवढंच विचारलं, "इथून म्हशी रेकलेल्या ऐकू येतात का?" घरमालकाला वाटलं, यांना आवाजाचा त्रास होत असणार. तो म्हणाला, "छे हो, अजिबात नाही." तेव्हा हे म्हणाले, "मग मागच्या बाजूची, तबेल्यांकडची खोली दाखवा."

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा शेवटचा पेशंट नुकताच गेला होता. अर्धं दार ढकलून त्यांनी डोकं आत घातलं.

"तुम्ही माणसांचे ना?"

"म्हणजे?"

"मी म्हशींचा. आपलं काम एकच आहे, पण आपल्याला कुणी सांगितलेलं नाही."

तेव्हापासून ते मला 'माणसांचे' म्हणू लागले आणि मी त्यांना 'म्हशींचे'. "काय माणसांचे, चाललंय ना?" "चाललंय म्हशींचे, बसा." इतक्या वर्षांत यापेक्षा जवळचं संबोधन आमच्यात झालं नाही.

त्यांचं काम काय होतं ते नीट सांगतो, कारण ते कुणीच नीट सांगत नाही. ब्रुसेला नावाचा एक जंतू आहे. तो म्हशीला झाला की ती गाभडते, दिवस भरायच्या आत रेडकू पडतं. ते मेलेलं रेडकू आणि त्यामागून पडणारी वार उचलणाऱ्या उघड्या हातांतून हा जंतू माणसात येतो. न उकळलेल्या दुधातूनही येतो. मग माणसाला ताप येतो, जातो, परत येतो. रात्री घाम सुटतो, सांधे धरतात, कंबर जाते. "गुरांच्या दवाखान्यात याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात," ते सांगायचे, "माणसांच्या दवाखान्यात याला काहीच म्हणत नाहीत. मुंबईत ताप, घाम आणि कंबर एवढं सांगितलं, की तुम्ही लोक डोळे मिटून टीबी लिहिता."

आमच्या तबेल्यांत म्हशी गाभडत होत्या, हे त्यांनी रक्तं तपासून पक्कं केलं होतं. हा रोग तिथून माणसांत येतोय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यासाठी माणसाचं रक्त हवं. ते माझ्याकडे येणार. "माझ्याकडे अर्धं वाक्य आहे," ते म्हणायचे, "उरलेलं अर्धं तुमच्या बाकावर बसलेलं असतं. लांबलेल्या तापाचे दोन-चार पेशंट द्या. एक जरी निघाला तरी पुरे."

मी म्हणायचो, बघू.

त्यांच्या तऱ्हा फार होत्या. दाराच्या मागे दोन खिळे होते. एकावर तबेल्याचा शर्ट, दुसऱ्यावर माणसांचा. तबेल्याच्या शर्टात ते वाण्याकडेसुद्धा जात नसत. हात मिळवायला कुणी पुढे आलं, की दोन्ही हात पाठीमागे घेऊन नुसती मान हलवत, त्यामुळे लोकांना ते शिष्ट वाटत. अंगाला कायम फिनेलचा वास. बाहेर चहा घ्यायचा तर कोरा. एका लग्नात ते पंगत सोडून उठले आणि सरळ आचाऱ्याकडे गेले. बासुंदीचं दूध आटवण्याआधी कुठे ठेवलं होतं, कुणी हाताळलं, अशी त्याची उलटतपासणी सुरू केली. आचारी म्हणाला, "साहेब, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?" हे म्हणाले, "मी म्हशीकडचा." आचाऱ्याने त्यांना वाढायचंच नाही असं ठरवलं.

आमच्याकडे स्टुडिओ आहेत. एकदा कुठल्याशा मालिकेत गावाचा देखावा होता आणि त्यासाठी तबेल्यातून एक म्हैस भाड्याने नेली होती. यांना कळलं, ती नेमकी गाभडलेली म्हैस. निघाले तिच्या मागोमाग, तबेल्याच्या शर्टातच. तो नियम त्यांनी तेवढा एकदाच मोडला. गेटवर वॉचमनला वाटलं, हा म्हशीचा माणूस आहे, सोडलं आत. तिथे नटलेली नायिका पाटावर बसून धार काढण्याचा अभिनय करत होती. हे थेट कॅमेऱ्यापुढे जाऊन तिला म्हणाले, "बाई, हात कोपरापर्यंत धुवा, आणि नखं तोंडात घालू नका." एकच गोंधळ. दोघांनी दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाले, "पण मुलगी गुणी हो. कॅमेरा थांबवून हात धुवायला गेली. तुमच्यापेक्षा लवकर ऐकते."

निळ्या रंगाची गोष्ट अशी. दुधाची एक जुनी, साधी चाचणी आहे. काचेच्या नळीत थोडं कच्चं दूध घ्यायचं, त्यात निळं औषध थेंबभर घालायचं आणि नळी उबेला ठेवायची. त्या औषधात मेलेले, रंगवलेले जंतू असतात. दूध चांगलं असेल तर ते निळसर राहतं आणि वर पांढरी साय जमते. गोठ्यात रोग असेल तर उलट होतं. सगळा निळा रंग सायीबरोबर वर चढतो, खाली दूध पांढरंशुभ्र. त्यांनी हे माझ्या दवाखान्यात, माझ्या टेबलावर, माझ्याच घरच्या दुधावर करून दाखवलं होतं. गप्पा मारता मारता नळीच्या तोंडाशी निळी कडा धरली.

मी दचकलो. "म्हणजे हे दूध फेकायचं?"

"कशाला फेकायचं? उकळा आणि प्या. उकळलं की भांडण संपलं. मला भीती दुधाची नाही हो. मला भीती धार काढतो त्याची, आणि तिथेच उभं राहून पेला तोंडाला लावतो त्याची."

त्या औषधाने त्यांची बोटं निळी झालेली असत. धुऊनही जायची नाहीत.

आणखी एक सवय होती. आठवड्यातून एकदा ते ब्लडप्रेशर बघायला यायचे. ते नेहमी उत्तम असायचं. तरी बाही वर करून बसायचे. मग म्हणायचे, "छातीही ऐका जरा." मी स्टेथोस्कोप लावला की डोळे मिटून घ्यायचे. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "म्हशींचे, तुम्हाला काही झालेलं नाही, कशाला वेळ घालवता?" ते शर्टाची बटणं लावत म्हणाले, "खरंय." त्यानंतर बरेच दिवस आले नाहीत. ज्या माणसाने जगाशी हात मिळवणं सोडलं होतं, त्याला आठवड्यात तेवढाच एक हात लागत होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. बायको खूप आधी गेली होती, मूल नव्हतं, एक बहीण नाहूरला. दिवाळीत पाडव्याला ते दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून तबेल्यात जायचे. तिथे म्हशींना धुऊन, शिंगं रंगवून, माळा घातलेल्या असत. त्यांच्यापुढे ते पाहुण्यासारखे उभे राहायचे, आणि मग परत येऊन खोलीचं दार लावून घ्यायचे. आमच्या घरी फराळाला बोलवायचं माझ्या मनात दरवर्षी यायचं.

आता दिगूबद्दल. दिगू मूळ मालवणकडचा, वडील गिरणीत होते, हा गोरेगावात व्यायामशाळा चालवायचा. छाती दाराएवढी. त्याला ताप धरला. "डॉक्टरानू, रात्रभर घामान हातरूण भिजता," तो म्हणाला. मग कंबर दुखायला लागली. मी फोटो काढले, मणक्यात झीज दिसली आणि मी मणक्याचा टीबी म्हणून औषधं सुरू केली. त्याला थोडं बरं वाटलं. त्यातलं एखादं औषध ब्रुसेलालाही थोपवून धरतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, निदान बरोबर. अंगात ताकद यावी म्हणून मी त्याला सांगितलं, रोज सकाळी तबेल्यावर जाऊन धारोष्ण दूध पी. माझ्या वडिलांनी मला तेच सांगितलं होतं. आमच्या पिढीला धारोष्ण दूध म्हणजे अमृत.

ताप परत आला. दिगू बाकावर बसला होता आणि हे नेमके आत आले. त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"दूध कुठलं पिता?"

"तबेल्यातला. धारोष्ण."

"कधीपासून?"

"आधीपासून पियत होतंय. आता तर डॉक्टरांनीच सांगितल्यानी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी वस्तू बरेच दिवस शोधावी आणि ती समोरच सापडावी, तसा चेहरा झाला होता. "माणसांचे," ते म्हणाले, "याचं रक्त तपासा. आजच. मी नेऊन देतो."

बाकावर आणखी पेशंट होते. त्यांच्यादेखत गुरांचा डॉक्टर माझं निदान तपासायला सांगत होता. मी म्हणालो, "तुम्ही म्हशी बघा. माझे पेशंट मी बघतो."

बाकावरचं कुणीतरी खुदकन हसलं. ते दोन्ही हात पाठीमागे घेऊन बाहेर गेले. मी दिगूचं रक्त पाठवलं नाही.

पुढे थोड्याच दिवसांत एका तबेल्यात लागोपाठ म्हशी गाभडल्या. त्यांनी मालकाला सांगितलं, या म्हशी वेगळ्या बांधा, दुसऱ्या तबेल्याला विकू नका, पडलेली रेडकं चुना घालून खोल पुरा, हातमोज्याशिवाय हात लावू नका. सगळं सांगणं गुराबद्दल होतं. पण बाहेर पोचेपर्यंत त्याचं 'तबेल्याचं दूध विषारी आहे' असं झालं. गिऱ्हाइकं तुटायला लागली. मालक लोकांनी तबेल्याच्या अंगणात बैठक बोलावली. मला खास बोलावलं होतं, कारण त्यांच्या घरचे सगळे माझेच पेशंट.

खाटा टाकल्या होत्या. ते एका बाजूला उभे होते, त्या दिवशी माणसांच्या शर्टात. एका गवळ्याने त्यांचा हात धरून वर केला. "ये देखो, उंगली नीली! हा कॅनमध्ये रंग टाकतो. म्हणून दूध खराब होतं." गलका झाला. ते म्हणाले, "कॅनमध्ये नाही, नळीत. थेंबभर." कुणी ऐकलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नळी माझ्या टेबलावर निळी झालेली मी पाहिली होती. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं.

सगळ्यात मोठा मालक, ज्याला सगळे शेठ म्हणत, तो माझ्याकडे वळला. "डॉक्टरसाब, तुम्ही इतने साल से इथे बसता. ये बीमारी का एक भी पेशंट तुम्ही देखा?"

मी म्हणालो, "नाही. एकही नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. मी कुणाला तपासलंच नव्हतं. हे मी स्वतःला पुढे पुष्कळदा सांगितलं.

ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. त्यांना दिसला नाही." एवढंच. मग गलक्यात हातातून पडलेली पिशवी उचलली आणि निघाले. त्यांना हाकललं वगैरे नाही, कुणी मारलं नाही. फक्त त्या दिवसापासून कुठल्याच तबेल्याचं फाटक त्यांच्यासाठी उघडलं नाही. ते रोज जायचे. फाटकाबाहेर उभे राहून आतल्या म्हशी बघायचे आणि परत यायचे. पुढे पावसाळा संपता संपता खोली सोडून बहिणीकडे नाहूरला राहायला गेले. मला कळलं तेव्हा त्यांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं.

दिगूचं चालणं बंद झालं तेव्हा त्याच्या बायकोने त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने पहिला प्रश्न विचारला, दूध कुठलं पिता. रक्त तपासलं. ब्रुसेला. औषधं बदलली आणि दिगू उठला. पण पाठ वाकली ती वाकलीच. व्यायामशाळा भाच्याला दिली. मला मात्र तो काही बोलला नाही. उलट दिवाळीला फराळ घेऊन आला. डॉक्टरांच्या चुका माणसं नशिबात टाकून मोकळी होतात.

मी मग शहाणा झालो. लांबलेला ताप आला की गपचूप ती तपासणी पाठवायला लागलो. निघायला लागले. तबेल्यातला एक गडी, मग एक गवळीण, धारोष्ण पिणारा एक म्हातारा. योग्य औषधांनी बरे झाले. लोक म्हणायला लागले, "ताप हटत नाही? गोरेगावच्या डॉक्टरांकडे जा, बरोबर पकडतात." एका समारंभात मला शाल मिळाली. त्यांच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझ्याकडे जमत गेला, आणि तो मी त्यांना नेऊन दिला नाही. जायचं ठरवलं की वाटायचं, पहिला प्रश्न येणार, कधीपासून?

शेवटी गेलो, ते आजारी आहेत असं कळल्यावर. दुपारची वेळ होती. बहीण वारली होती, भाचा आणि त्याची बायको कामाला. बाराव्या मजल्यावरच्या त्या घरात ते एकटे, खिडकीपाशी. अंगाला फिनेलचा वास नव्हता. बोटं स्वच्छ, पांढरी. त्यांनी स्वतः चहा केला, दुधाचा.

"दूध घ्यायला लागलात?"

"खोक्यातलं आहे. त्याला गोठा नाही, म्हैस नाही. भ्यायचं कुणाला?" मग बाही वर करून म्हणाले, "यंत्र आणलंय?"

आणलं नव्हतं. मी नाडी धरली, गरजेपेक्षा जास्त वेळ धरून बसलो. सांगायला आलो होतो ते आता सांगायचं, असं मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"माणसांचे, खरं सांगा. शेवटपर्यंत एकही आला नाही ना तुमच्याकडे?"

आणि मी म्हणालो, "नाही."

आता हे खोटं होतं, निव्वळ खोटं. तबेल्यातल्यासारखी कसलीच पळवाट त्याला नाही.

त्यांचा चेहरा सैलावला. "मग बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे मीच चुकलो. चुकलो तेच बरं. मला वाटायचं, माणसं कण्हत असतील आणि आपण इथे चहा पितोय. कुणाला झालाच नाही, तर मग छान झालं."

ते खरंच आनंदले होते. मला जिन्यापर्यंत, म्हणजे लिफ्टपर्यंत, सोडायला आले आणि हात पाठीमागे न घेता माझा हात धरून हलवला. काही महिन्यांनी त्यांच्या भाच्याचा निरोप आला, ते गेले.

तर रंग त्यांनी कॅनमध्ये ओतला नव्हता. आमच्या भागातला या रोगाचा पहिला माणूस त्यांनी ओळखला होता, नुसता बाकावर बसलेला बघून. मी नाही. हे इथे लिहिलं. पण लिहिण्याआधी एका माणसाला तोंडाने सांगणं भाग होतं, म्हणून मागच्या आठवड्यात मी दिगूकडे गेलो. तो पलंगावर उशांना टेकून टीव्ही बघत होता. मला बघून आवाज बंद केला. मी सगळं सांगितलं. बाकावरचं, रक्त न पाठवल्याचं, बैठकीतलं, नाहूरचं. त्याने मध्ये एकदाच विचारलं, "त्यांनी माका बघल्याबरोबर ओळखल्यानी?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

दिगूच्या बायकोने चहा आणला, तो त्याने हाताच्या खुणेनेच परत पाठवला.

"आनि ता त्यांका कळला नाय."

"नाही. मी सांगितलं नाही."

"मगे आता माका कित्याक सांगतास?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "त्यांका सांगूक होया होता."

त्याने टीव्हीचा आवाज परत सुरू केला. एवढी वर्षं, पाठ तशी असूनही, दिगू भिंतीला धरून मला दारापर्यंत सोडायला यायचा. मी उठलो तेव्हा तो हलला नाही.

"जाताना दार ओढून घेवा," तो म्हणाला.